पेपरमिंट तेलाचा धंदा : थंडावा विका, खोटी आशा नको

उन्हाळा लागला की आठवडी बाजारातील अत्तार बंधूंच्या पालावर हिरव्या, लाल आणि निळ्या तेलांच्या बाटल्या पुढच्या रांगेत येतात. सुरमा, उदबत्ती, अत्तराच्या कुप्या मागे जातात आणि "थंड तेल" पुढे येते. सलूनमध्ये हज्जाम बंधू डोक्याला चंपी करताना हेच तेल वापरतात. उन्हातून आलेला माणूस डोळे मिटून बसतो आणि दोन मिनिटांत "वा, बरं वाटलं" म्हणतो. या "बरं वाटलं"मागे जो माल आहे, त्याचे नाव पेपरमिंट तेल. आमच्या समाजातील कितीतरी लहान व्यापारी आणि कारागीर या तेलावर हंगामाची कमाई करतात. म्हणून या वेळी आम्ही या पानावर त्याचाच हिशोब मांडत आहोत.

सुरुवात एका नुकसानीच्या गोष्टीने करावी लागते. आमच्या परिचयातील एका अत्तार बंधूंनी घरी खोबरेल तेलात पेपरमिंट मिसळून स्वतःचे थंड तेल काढले. पेपरमिंटचा पाच किलोचा कॅन त्यांनी बिलाशिवाय, बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी दरात घेतला. वास थोडा उग्र आणि थंडावा कमी वाटला. मग त्यांनी वरून मेंथॉलचे खडे टाकले. किती टाकले, तर "अंदाजाने, दोन मुठी". बाटलीवर छापले, "केस हमखास उगवतात". पहिल्या दोन बाजारांत माल हातोहात गेला. तिसऱ्या बाजाराला एक तरुण गिऱ्हाईक आले. त्याच्या डोक्यात आधीच खरूज होती. तेल लावल्यावर कातडी लाल झाली, आग आग झाली, रात्रभर झोप नाही. त्याने भर बाजारात बाटली पालासमोर ठेवली आणि चार लोकांना ऐकू जाईल असे सुनावले. बाटलीचे पैसे परत देता आले, पण वीस वर्षांत कमावलेला विश्वास त्या दिवशी गेला. तो हंगामही गेला.

या बंधूंची नियत वाईट नव्हती, हे आम्ही जाणतो. त्यांची चूक तीन ठिकाणी झाली. काय विकत घेतो हे माहीत नव्हते, किती घालायचे हे माहीत नव्हते आणि गिऱ्हाइकाला काय सांगायचे हेही माहीत नव्हते. या तीन गोष्टी नीट समजल्या तर हा धंदा स्वच्छ आहे आणि थोड्या भांडवलात होण्यासारखा आहे.

एक नाव, तीन माल

बाजारात "पेपरमिंट तेल" या एकाच नावाखाली किमान तीन वेगवेगळे माल विकले जातात.

पहिला माल म्हणजे खरे पेपरमिंट. घाऊक व्यापारी त्याला "पिपरेटा" म्हणतात, कारण वनस्पतीचे शास्त्रीय नाव मेंथा पिपरेटा. हा पाणपुदिना आणि साधा पुदिना यांचा संकर आहे. त्याला उगवणारे बी धरत नाही, लागवड मुळांच्या धुमाऱ्यांपासून होते. या तेलात मेंथॉल साधारण ३० ते ५५ टक्के असते. बाकी मेंथोन, सिनिओल आणि इतर घटक असतात. वास गोडसर, गोल आणि टिकणारा. अमेरिकेतील ओरेगॉन, वॉशिंग्टन, आयडाहो या राज्यांचे पेपरमिंट जगभर नावाजलेले आहे. भारतातही त्याची लागवड होते, पण कमी.

दुसरा माल मेंथा तेल. ही वनस्पती मेंथा आर्वेन्सिस, म्हणजे जपानी पुदिना. आपल्या देशात मेंथाचे जे अफाट पीक निघते ते हेच. याच्या तेलात मेंथॉल ७० ते ८० टक्क्यांपर्यंत असते. हे तेल हळूहळू गार करत नेले की त्यात मेंथॉलचे लांब, चकचकीत खडे तयार होतात. बाजारात त्यांना "बोल्ड क्रिस्टल" म्हणतात. आपल्याकडील जुने लोक त्याला पुदिन्याचा सत किंवा पेपरमिंटचे फूल म्हणतात.

तिसरा माल या दुसऱ्यातूनच निघतो. खडे काढून घेतल्यावर जे तेल उरते त्याला व्यापारात "डी.एम.ओ." म्हणतात. मेंथॉल काढून घेतलेले तेल, असा त्याचा अर्थ. त्यातही बरेच मेंथॉल शिल्लक असते, पण वास कडवट आणि उग्र असतो. हा माल स्वस्त असतो. तो विषारी नाही आणि त्याचा उपयोगही आहे. टूथपेस्ट, साबण, गोळ्या यांत तो रीतसर जातो. डी.एम.ओ. म्हणून विकला तर त्यात काही गैर नाही. पण तोच पिपरेटा म्हणून विकला तर ती फसवणूक आहे. आमच्या अत्तार बंधूंच्या हाती पेपरमिंटच्या नावाने हाच माल आला होता.

चौथी एक गैरसमजूत आहे. ती घरगुती कारागिरांत जास्त दिसते. स्वयंपाकघरातील पुदिना तेलात उकळून "पुदिना हेअर ऑइल" करण्याची पद्धत वाढली आहे. पण आपल्या चटणीत आणि बिर्याणीत पडणारा पुदिना बहुतेक वेळा साधा पुदिना असतो. त्याच्या वासातील मुख्य द्रव्य कार्व्होन, मेंथॉल नव्हे. म्हणून त्यापासून पेपरमिंटसारखा थंडावा मिळत नाही. शिवाय ओला पाला तेलात घातला की त्याचे पाणी तेलात उतरते आणि तेल लवकर बिघडते.

माल येतो कोठून

मेंथाची मोठी पेठ उत्तर प्रदेशात आहे. बाराबंकी, संभल, चंदौसी, रामपूर, मुरादाबाद, बदायूँ, बरेली हे जिल्हे आणि गावे या व्यापारात सर्वांना माहीत आहेत. जपानी पुदिना आपल्या देशात १९५० च्या दशकात आला. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने, म्हणजे "सीमॅप"ने, त्याच्या नव्या जाती काढल्या. ही संस्था १९५९ साली स्थापन झाली. "कोसी"सारखी लवकर येणारी जात शेतकऱ्यांनी उचलून धरली, कारण रब्बी आणि खरीप यांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत हातात रोख रक्कम येऊ लागली.

जानेवारी-फेब्रुवारीत लावलेले पीक मे-जूनमध्ये कापणीला येते. गावातच लोखंडी टाकी असते. पाला टाकीत भरायचा, खालून वाफ द्यायची, वाफ थंड नळीतून न्यायची. बाहेर पाणी आणि तेल एकत्र येतात आणि हलके असलेले तेल पाण्यावर तरंगते. शंभर किलो हिरव्या पाल्यातून अर्धा ते पाऊण किलोच्या आसपास तेल मिळते.

वाफेने सुगंध काढण्याची ही विद्या आमच्या वाचकांना परकी वाटू नये. नवव्या शतकात अल-किंदी यांनी अत्तरे आणि ऊर्ध्वपातन या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. कनौजचे अत्तार आजही देग-भपक्यावर काम करतात. आपण विकतो त्या बाटलीमागे हजार वर्षांहून जुनी कारागिरी आहे. तिचा मान राखण्याची जबाबदारीही आपलीच.

भावाबद्दल एक सूचना. मेंथा तेलाचे वायदे मल्टी कमोडिटी एक्स्चेंजवर २००५ पासून होत आले आहेत. पाऊस, लागवड, साठेबाजी आणि कारखान्यात तयार होणाऱ्या कृत्रिम मेंथॉलची स्पर्धा यांनुसार भाव वरखाली होतो. लहान व्यापाऱ्याने या चढउतारात पडू नये. हंगामापुरता माल घ्यावा, पक्क्या बिलावर घ्यावा.

थंडावा म्हणजे नक्की काय

गिऱ्हाईक विचारते, "यात बर्फ घातलाय का?" उत्तर देता आले पाहिजे. पेपरमिंटने डोके खरोखर गार होत नाही. आपल्या कातडीतील मज्जातंतूंवर थंडी ओळखणारे दरवाजे असतात. थंड हवा लागली की ते उघडतात आणि मेंदूला "गार आहे" असा निरोप जातो. मेंथॉल तोच दरवाजा उघडते. म्हणजे थंडी नसतानाही थंडीचा निरोप जातो. हा दरवाजा २००२ साली दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी शोधला. त्या शोधकार्यातील डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना स्पर्श व तापमानाच्या जाणिवेवरील संशोधनासाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

यातून व्यापाऱ्याने दोन धडे घ्यावेत. पहिला, थंडावा खरा आहे, म्हणजे तो गिऱ्हाइकाला खरोखर जाणवतो. "थंडावा देते" हे वाक्य खोटे नाही. दुसरा, मेंथॉल प्रमाणाबाहेर गेले की तेच थंड लागणे झोंबण्यात आणि आग होण्यात बदलते. "जास्त घातले तर जास्त थंड" हा हिशोब येथे चालत नाही.

केसांबाबत खरे किती, खोटे किती

पेपरमिंटने केस उगवतात, ही हाक आज सगळीकडे ऐकू येते. तिचे मूळ आम्ही वाचकांपुढे ठेवतो. २०१४ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांचे चार गट केले. एका गटाच्या पाठीवर मिठाचे पाणी, दुसऱ्याच्या होहोबा तेल, तिसऱ्याच्या ३ टक्के मिनॉक्सिडिल हे केसांचे औषध आणि चौथ्याच्या ३ टक्के पेपरमिंट तेल लावले. चार आठवड्यांनी पेपरमिंटच्या गटात केसांची वाढ सर्वांत ठळक दिसली.

प्रयोग खरा आहे आणि आशा वाटावी असाही आहे. पण तो उंदरांवरचा आहे. माणसाच्या डोक्यावरील टक्कल, जे पुष्कळदा वंशपरंपरेने आणि हार्मोनमुळे येते, त्यावर तो पुरावा नाही. शिवाय तेथे प्रमाण ३ टक्के होते. रोज डोक्याला लावायच्या तेलात इतके पेपरमिंट घालता येत नाही, ते का हे पुढे येईल. ज्या बाटलीत त्याचा पंधरावा हिस्साही पेपरमिंट नाही, त्या बाटलीवर या प्रयोगाची साक्ष काढणे म्हणजे गिऱ्हाइकाला अर्धे सांगून अर्धे लपवणे.

मग थंड तेलाचा केसांना उपयोग नाही काय? आहे. मूळ तेलाने केस मऊ राहतात, गुंता कमी होतो, कोरडेपणा जातो. चंपीने आराम मिळतो. पेपरमिंटने थंडावा आणि सुवास येतो. एवढे खरे सांगूनही तेल विकले जाते. उन्हातून आलेल्या हमालाला, रिक्षावाल्याला, भट्टीसमोर बसणाऱ्या कारागिराला केस उगवण्याची घाई नसते, त्याला डोके हलके व्हायला हवे असते.

त्वचेबाबत काय आढळले

त्वचेच्या बाबतीत पुरावा थोडा अधिक आहे, कारण तो माणसांवरचा आहे. २०१२ साली इराणमध्ये खाज सुटणाऱ्या ९६ गरोदर स्त्रियांची निवड करून अभ्यास झाला. तिळाच्या तेलात ०.५ टक्के पेपरमिंट मिसळून दोन आठवडे, दिवसातून दोनदा लावले. खाज कमी झाल्याचे आढळले. २०१६ साली इजिप्तमधील डॉक्टरांनी जुनाट खाजेच्या ५० रुग्णांवर पेपरमिंट तेलाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही आराम दिसला.

पण हे अभ्यास लहान आहेत आणि रुग्ण डॉक्टरांच्या नजरेखाली होते. खाज थांबली म्हणजे खाजेचे कारण गेले असे होत नाही. यकृताचा, मूत्रपिंडाचा किंवा साखरेचा आजारही खाजेतून बोलतो. म्हणून जुनाट खाज घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला बाटली देण्याऐवजी डॉक्टरांकडे पाठवावे. तो माणूस पुढे आपलेच गिऱ्हाईक राहतो, हा आमचा अनुभव आहे.

किती घालावे

सौंदर्यप्रसाधनांतील घटकांची सुरक्षितता तपासणाऱ्या अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाचा पेपरमिंटवरील अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. धुऊन टाकायच्या वस्तूंत, म्हणजे शांपू-साबणात, पेपरमिंट तेल ३ टक्क्यांपर्यंत आणि अंगावर राहणाऱ्या वस्तूंत, म्हणजे डोक्याचे तेल, मलम, लोशन यांत, ०.२ टक्क्यापर्यंत वापरले जाते, असे त्यात नोंदले आहे. पुलेगोन नावाच्या घटकाचे प्रमाण १ टक्क्यावर जाऊ नये, अशी अटही मंडळाने घातली. पुलेगोन हा पेपरमिंट तेलातला घातक समजला जाणारा घटक. चांगल्या मालाच्या तपासणी अहवालात त्याचा आकडा दिलेला असतो, तो पाहूनच माल घ्यावा.

आता साधा हिशोब करू. एक लिटर तेलात ०.२ टक्के म्हणजे २ मिलिलिटर पेपरमिंट. शंभर मिलिलिटरच्या एका बाटलीत ०.२ मिलिलिटर, म्हणजे काही थेंब. एक किलो पेपरमिंट तेल सुमारे ११०० मिलिलिटर भरते. त्यात साडेपाच हजार बाटल्या होतात.

हा आकडा व्यापारी बंधूंनी दोनदा वाचावा. समजा, अस्सल पिपरेटा आणि नकली माल यांच्या भावात किलोमागे दोन हजार रुपयांचा फरक आहे. तो साडेपाच हजार बाटल्यांवर वाटला तर बाटलीमागे सदतीस पैसेही होत नाहीत. रिकामी बाटली, बूच, लेबल, मूळ तेल या प्रत्येकाचा खर्च याच्यापेक्षा जास्त असतो. म्हणजे ज्या ठिकाणी सगळ्यात कमी वाचते, नेमके त्याच ठिकाणी आपले लोक वाचवायला जातात आणि नाव घालवतात.

खडे वापरणाऱ्यांनी विशेष जपावे. खड्यांत जवळपास सगळेच मेंथॉल असते आणि पेपरमिंट तेलात निम्म्याच्या आसपास. म्हणून तेलाइतकेच खडे घातले तर थंडावा दुप्पट-अडीचपट तीव्र होतो. मुठीने मोजू नये. ग्रॅम दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आता महाग राहिलेला नाही.

मिसळताना मूळ तेल कोमट असावे, गरम नसावे. गरम तेलात पेपरमिंट उडून जाते आणि त्याची वाफ डोळ्यांना झोंबते. हिवाळ्यात खोबरेल गोठते. गोठलेल्या तेलात पेपरमिंट सारखे मिसळत नाही, एका बाटलीत जास्त आणि दुसरीत कमी जाते. आधी तेल पातळ करून घ्यावे. भांडे कोरडे असावे. पेपरमिंटचा साठा गडद काचेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून, सावलीत ठेवावा.

कोणाला देऊ नये

दोन वर्षांच्या आतील मुलांसाठी हे तेल देऊ नये. तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाजवळ मेंथॉल किंवा कापूर नेल्यास श्वास अडकण्याचा धोका असतो. "बाळाला सर्दी झाली, थोडं छातीला लावते" असे म्हणणाऱ्या आईला दुकानदाराने स्पष्ट नाही म्हणावे. जखम, खरूज, इसब असलेल्या कातडीवर लावू नये. डोळ्यांपासून दूर ठेवावे. हज्जाम बंधूंनी दाढी झाल्याबरोबर तीव्र मेंथॉलचे लोशन चोळू नये, वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांत ते फार झोंबते. नव्या गिऱ्हाइकाला आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस वाट पाहायला सांगावे.

माल ओळखावा कसा

दुकानात करता येण्यासारख्या काही परीक्षा आहेत. पांढऱ्या शोषक कागदावर एक थेंब टाकून ठेवावा. सुगंधी तेल काही तासांत उडून जाते. तेलकट डाग कायम राहिला तर खाद्यतेल किंवा पॅराफिन मिसळल्याचा संशय घ्यावा. दुसरी परीक्षा गारव्याची. थोडा नमुना बर्फात ठेवावा. त्यात खड्यांचा गच्च थर जमला तर ते पेपरमिंट नसून खडे न काढलेले मेंथा तेल असण्याची शक्यता मोठी. तिसरी परीक्षा नाकाची. कागदाच्या पट्टीवरील वास ताबडतोब, एक तासाने आणि दुसऱ्या दिवशी घ्यावा. डी.एम.ओ.चा कडवटपणा अनुभवी नाकाला कळतो.

पण डी.एम.ओ. आणि पिपरेटा यांत पक्का फरक यंत्रच सांगते. त्या तपासणीला गॅस क्रोमॅटोग्राफी म्हणतात. खऱ्या पेपरमिंटमध्ये सिनिओल हे लिमोनिनच्या किमान दुप्पट असावे, हा युरोपातील औषधकोशाचा एक निकष आहे. आर्वेन्सिसच्या तेलात हे गणित बसत नाही. विक्रेत्याकडे त्या विशिष्ट बॅचचा तपासणी अहवाल मागावा. मोठी खरेदी असेल तर स्वतः नमुना पाठवावा. कनौज येथे १९९१ पासून सुगंध व स्वाद विकास केंद्र आहे. ते केंद्र सरकारच्या लघुउद्योग खात्याखाली चालते. अत्तर आणि सुगंधी तेलांच्या तपासणीबरोबर तेथे प्रशिक्षणही मिळते. चार-पाच लहान व्यापाऱ्यांनी मिळून एक बॅच घेतली आणि तपासणीचा खर्च वाटून घेतला, तर कोणावरच बोजा पडत नाही.

कायद्याची बाजू

घरी तेल मिसळून बाटलीत भरून विकणे हा "घरगुती धंदा" आहे, असे पुष्कळांना वाटते. कायद्याला तसे वाटत नाही. केसांचे तेल हे सौंदर्यप्रसाधन आहे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम त्याला लागू होतात. विक्रीसाठी उत्पादन करायचे तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. त्यासाठी योग्य जागा, स्वच्छता आणि पात्र तांत्रिक माणूस असावा लागतो. स्वतःची जागा नसेल तर परवानाधारक कारखान्यात आपला माल करून घेण्याची, म्हणजे लोन लायसन्सची सोय नियमांत आहे. लहान भांडवलाच्या बंधूंना हा मार्ग सोयीचा पडेल.

बाटलीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी, निव्वळ माप, वापरण्याची मुदत आणि कमाल किरकोळ किंमत असावी. केसांच्या तेलासाठी भारतीय मानक संस्थेचे आय.एस. ७१२३ हे मानक आहे, ते मागवून वाचावे. मूळ तेल लिक्विड पॅराफिन असेल तर तसे लिहावे. पॅराफिन वापरणे गुन्हा नाही, पण त्यावर नारळाचे चित्र छापून खोबरेल असल्याचा भास निर्माण करणे गुन्ह्यात मोडू शकते.

दाव्यांच्या बाबतीत कायदा कडक आहे. सौंदर्यप्रसाधनावर गिऱ्हाइकाची दिशाभूल करणारा मजकूर चालत नाही. औषधांच्या नियमांतील "शेड्यूल जे" या यादीत टक्कल आणि नवे केस उगवणे यांचा समावेश आहे. म्हणजे परवानाधारक औषधालासुद्धा हे बरे करण्याचा दावा करता येत नाही. मग आपल्या साध्या तेलाला तो कसा करता येईल? तसेच पुदिन्याचा सत, ओव्याचा सत आणि कापूर यांपासून होणारा युनानी "अर्क-ए-अजीब" आपल्यापैकी अनेकांच्या घरी असतो. ते औषध आहे, त्याचा परवाना वेगळा आहे. ते डोक्याच्या तेलात ओतून विकू नये.

हलाल-हरामचा प्रश्न

काही गिऱ्हाइके विचारतात, "मेंथॉल म्हणजे अल्कोहोल ना?" रसायनशास्त्रात अल्कोहोल हे एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. मेंथॉल त्या कुटुंबात मोडते, पण ते दारूतील इथेनॉल नव्हे. ते पुदिन्याच्या पानातून वाफेने निघते, आंबवून नव्हे. मात्र काही तयार लोशन आणि आफ्टरशेव्हमध्ये इथेनॉल असते. ते लेबलवर पाहून गिऱ्हाइकाला सांगावे. त्याचा शरई हुकूम काय, हे उलमांनी सांगायचे. वस्तूत काय आहे ते खरे सांगणे, हे आपले काम.

शेवटचा हिशोब

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतील धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे व्यापाऱ्याने सांगितले. मग लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. हा प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. ओले धान्य वर ठेवणे म्हणजे आजच्या भाषेत लेबल खरे छापणे.

आमचे अत्तार बंधू आज पुन्हा बाजारात बसतात. माल आता परवानाधारक कारखान्यातून करून घेतात. पेपरमिंट बिलावर घेतात. बाटलीवर एवढेच आहे : "थंडावा देणारे केसांचे तेल. दोन वर्षांखालील मुलांसाठी नाही." केस उगवण्याची भाषा गेली. पहिल्या हंगामात विक्री कमी झाली, हे त्यांनी आमच्यापासून लपवले नाही. पण ज्या गावात त्यांच्यासमोर बाटली ठेवली गेली होती, त्या गावातील दोन सलूनवाले आता दर महिन्याला त्यांच्याकडूनच तेल नेतात.

हंगाम तोंडावर आहे. माल घेण्याआधी बिल मागा, अहवाल मागा, काटा आणा. बाटलीमागे सदतीस पैसे वाचवण्यासाठी आपली जबान विकू नका. हलाल रोजीत बरकत असते, हे आपण मुलांना शिकवतो. उद्या बाजारात बाटलीवर काय छापलेले आहे, हेही ती मुले वाचणार आहेत.